हीटर प्लग बदलण्याआधी मीटर लावा

डिसेंबर-जानेवारीत निफाडच्या द्राक्षपट्ट्यात पहाटे कडाक्याची थंडी पडते आणि बागेतले जुने छोटे ट्रॅक्टर रुसून बसतात. फवारणी खोळंबते, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि शेवटी निदान होतं, ‘हीटर गेले, तिन्ही बदला.’ नवे प्लग बसतात, तरी पुढच्या थंडीत तीच रड. अशा वेळी दोष अनेकदा प्लगचा नसतोच, त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या विजेचा असतो.

मुळात ग्लो प्लग, म्हणजे आपला हीटर प्लग, हा पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगचा भाऊ नव्हे. तो ठिणगी टाकत नाही. डिझेल पेटतं ते दाबून तापलेल्या हवेमुळे. गार इंजिनात ती उष्णता धातू शोषून घेतो, म्हणून सुरुवातीपुरती प्लगची मदत लागते. चालू झालेल्या जुन्या ट्रॅक्टरची ओढ कमी वाटत असेल, तर प्लगला दोष देऊ नका. शिवाय प्रत्येक ट्रॅक्टरला तो असतोच असंही नाही. डिझेल थेट पिस्टनवर फवारणाऱ्या मोठ्या इंजिनांना तो सहसा नसतो. कुबोटाची बी मालिका किंवा मित्सुबिशी शक्ती यांसारख्या, हेडमध्ये वेगळी छोटी दहनखोली असलेल्या इंजिनांना तो लागतो.

‘आटे जुळले की प्लग चालला’ हा समज सगळ्यात महागात पडतो. १९५०च्या दशकातल्या मॅसी फर्ग्युसन ३५च्या चार सिलिंडरच्या स्टँडर्ड इंजिनात प्लग सिरीजमध्ये, एकामागून एक जोडलेले होते. ते कमी व्होल्टचे. त्यातला एक गेला की चारही गार. नंतरच्या पेन्सिलसारख्या प्लगना वरून एकच वायर येते, अर्थिंग हेडमधून मिळतं आणि सगळे एका पट्टीवर पॅरलल असतात. तिथे एक गेला तरी बाकीचे तापतात, इंजिन पांढरा धूर टाकत, अडखळत का होईना चालू होतं. कमी व्होल्टचा प्लग थेट १२ व्होल्टवर लावला तर क्षणात जळतो. १२ व्होल्टचे तीन प्लग सिरीजमध्ये लावले तर प्रत्येकाला चारच व्होल्ट मिळतात आणि ते पुरेसे तापत नाहीत. टोक लांब असलेला प्लग आत आदळू शकतो. म्हणून व्होल्ट आणि लांबी जुन्या प्लगशी नव्हे, मॅन्युअलशी ताडून घ्या. जुना आधीच कुणीतरी चुकीचा बसवलेला असू शकतो.

आता वायरिंग. तीन प्लग मिळून साधारण ३० अँपिअर ओढतात, सुरुवातीच्या क्षणी त्याहून जास्त. घरातल्या बटणाची दीड एमएमची वायर इथे तापते, आणि प्लग उपाशी राहतो. सहा एमएमची वायर, नीट दाबलेले थिंबल, फ्यूज आणि भार पेलणारा रिले हवा. सगळा करंट जुन्या किल्लीच्या स्विचमधून नेऊ नका. मग हीटर चालू ठेवून पट्टी आणि इंजिनची बॉडी यांमध्ये मीटर लावा. ११च्या आसपास व्होल्ट दिसले तर ठीक. नऊच दिसले तर उष्णता सुमारे एक तृतीयांशाने घटलेली असते. अशा वेळी प्लगला हात लावू नका. गंजलेली पट्टी, जळका स्विच, सैल अर्थिंग आणि बॅटरी तपासा.

व्होल्टेज बरोबर असेल तरच प्लग तपासायचा. पट्टी पूर्ण काढा, नाहीतर एकाचं माप दुसऱ्यात मिसळतं. चांगला प्लग गार असताना सुमारे एक ओहम दाखवतो. मीटरच्या वायरींचं स्वतःचं माप त्यातून वजा करा. प्लग हातात धरून बॅटरीवर लाल करून बघण्याची सवय मात्र सोडाच. टोक ८०० अंशांच्या वर जातं.

‘जास्त वेळ दाबून धरलं की लवकर चालू होतं’ हेही खरं नाही. अशा जुन्या ट्रॅक्टरला बहुधा १० ते २० सेकंद पुरतात. पुढे फक्त बॅटरी रिकामी होते. आणि हीटर दिलेल्या इंजिनाच्या एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे कधीच दाखवू नका. वाफ अवेळी भडकते, रिंगा-पिस्टन फुटतात, माणूसही भाजतो.

प्लग काढताना बॅटरीची निगेटिव्ह सोडा, आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारा, इंजिन कोमट असताना हलक्या हाताने पाना फिरवा. अडला तर थोडा मागेपुढे करा. मोडला तर हेड उतरवावं लागू शकतं. नवा बसवण्याआधी भोकातला कार्बन काढा. वरचा बारीक नट जेमतेम आवळायचा, कारण जोर दिला की टर्मिनलच तुटतं.

काढलेल्या प्लगचं टोक उजेडात बघा. वितळलेलं किंवा कुरतडल्यासारखं असेल, तर त्या सिलिंडरचं नोझल तपासायला पाठवा, पंपाचं टायमिंगही बघून घ्या. नोझल गळत असेल तर तिथे बसवलेला नवा प्लगही तसाच जाईल.