पाटसच्या माळावर ट्रायलोबाइट सापडेल का?

पाटीसारखा करडा दगड, त्यावर हातोडीचा एक अलगद ठोका, दगडाची दोन पानं उघडतात आणि आत गोमेसारख्या पेरांचा एक प्राणी चपटा होऊन बसलेला. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. त्याखाली मराठीत एक कॉमेंट हमखास असते: "आपल्याकडे कुठे मिळेल?" दौंड-शिरूरकडचे लोक तर थेट विचारतात, पाटसच्या माळावर, विहिरीच्या खोदकामात किंवा खडीच्या खाणीत असा दगड मिळेल का?

नाही मिळणार. पण का मिळणार नाही, हे समजलं की आपल्या पायाखालच्या जमिनीची बरीच ओळख होते.

रीलमधला तो प्राणी म्हणजे ट्रायलोबाइट. खेकडा, विंचू, झुरळ यांच्या मोठ्या खानदानातला, फक्त समुद्रात राहणारा. अंगाचे लांबीत तीन भाग दिसतात, म्हणून हे नाव. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी तो खडकांत दिसायला लागतो आणि २५ कोटी वर्षांपूर्वी कायमचा नाहीसा होतो. त्याच्या बरोबरीने बहुतेक वेळा ब्रॅकिओपॉड सापडतात. दिसायला शिंपल्यासारखे, पण शिंपल्याचे नातेवाईक नव्हेत. शिंपल्याच्या दोन झडपा एकमेकींचं प्रतिबिंब असतात. ब्रॅकिओपॉडच्या दोन झडपा वेगळ्या, एक मोठी आणि एक लहान. मात्र प्रत्येक झडपेची डावी-उजवी बाजू सारखी. हे प्राणी आजही समुद्रात आहेत, फक्त थोडे उरलेत.

आता पाटसचा दगड बघा. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. शेवटचा ट्रायलोबाइट मरून तेव्हा १८ कोटी वर्षं उलटली होती. शिवाय हजार अंशाच्या पुढच्या तापलेल्या रसात कुठला प्राणी जपला जाणार? जीवाश्म व्हायला गाळ लागतो, हळूहळू साचणारा.

मग प्रश्न येतो, लाव्हाच्या खाली खोल खणलं तर? ते खणून झालंय. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतलं. ३३८ मीटर बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि लगेच अतिप्राचीन कठीण खडक. कोयनेजवळ रासाटीला सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइटसारखा खडक लागला. ट्रायलोबाइटच्या काळातला समुद्री गाळ मध्ये नाहीच.

विदर्भात गाळाचे खडक आहेत, पण तिथेही वेळ जुळत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडचा पैनगंगेचा चुनखडक ट्रायलोबाइटच्या आधीचा. चंद्रपूरचा कोळसा ज्या थरांत आहे ते थर शेवटच्या ट्रायलोबाइटच्या काळाच्या जवळ जातात, पण तो गाळ नद्यांचा आणि दलदलीचा. त्यात झाडांची पानं मिळतात, समुद्री प्राणी नाहीत. भारतातले ट्रायलोबाइट बघायचे तर हिमालयात, स्पितीकडे जावं लागतं.

ब्रॅकिओपॉड मात्र त्यापेक्षा जवळ आहेत. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बाघ नावाचं गाव आहे, लेण्यांसाठी प्रसिद्ध. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र तिथपर्यंत आत आला होता. त्या चुनखडकातल्या एका ब्रॅकिओपॉडला गो. वा. चिपळूणकर या मराठी भूशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये 'माल्विरिंकिया' हे नाव दिलं. माळव्यावरून! या नावाची एखादी पोस्ट व्हायरल व्हायला हरकत नव्हती, पण अजून तरी दिसली नाही.

आणि लाव्हाच्या प्रदेशात जीवाश्म अजिबातच नाहीत असंही नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचायची. मुंबईत मलबार हिल-वरळीकडच्या अशाच एका थरात चिमुकले बेडूक सापडले. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्याचं नामकरण केलं. त्या थरांवर आज इमारती आहेत.

पाटसच्या आसपास फिरताना फसवणाऱ्या गोष्टी पुष्कळ दिसतील. दगडाच्या भेगेत काळ्या नेच्यासारखी नक्षी दिसली तर ती वनस्पती नव्हे, मँगॅनीजचे डाग आहेत. दगडातली पांढरी फुलं म्हणजे झिओलाइटचे स्फटिक. कांद्यासारखा पापुद्रे सुटणारा गोल दगड हे डायनोसॉरचं अंडं नाही. बेसॉल्ट झिजतोच तसा. नदीकाठच्या मातीत हाडासारखे लांबट पांढरे तुकडे मिळतात, ते बरेचदा मुळांभोवती साचलेली चुनखडी असते. लिंबू पिळलं की फसफसतं, म्हणून लोक खूश होतात. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही.

पण खरं हाडही असू शकतं, आणि इथे मामला गंभीर आहे. गोदावरीच्या जुन्या गाळात नांदूर मधमेश्वरजवळ हत्ती आणि रानबैलांचे जीवाश्म मिळालेत. शिरूर तालुक्यात इनामगावला घोड नदीच्या गाळातूनही जनावरांचे अवशेष नोंदले गेलेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या नद्यांच्या गाळावर वर्षानुवर्षं काम केलंय. भीमा, घोड, कऱ्हा या नद्यांचे वाळू-गोट्यांचे जुने थर म्हणजे आपल्या भागातली खरी जीवाश्मांची जागा. आणि नेमका तोच थर वाळूउपशात जेसीबीने उचलला जातो. दात, शिंग, हाड डंपरमधून बांधकामावर जातं. कुठल्या थरातून आलं हे कळायचा मार्गच उरत नाही. थर गेला की वयही गेलं.

म्हणून नदीच्या दरडीत हाडासारखं काही दिसलं, नेहमीच्या हाडापेक्षा जड आणि दगडासारखं वाटलं, तर उपटून काढू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, एक फोटो लांबून पूर्ण दरडीचा घ्या, लोकेशन जपून ठेवा आणि डेक्कन कॉलेजला किंवा पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. पावसाळ्यात दरडीखाली उभं राहू नका, ती कधी बसेल सांगता येत नाही.

ट्रायलोबाइट ऑनलाइन मागवायचा विचार असेल तर जरा थांबा. मोरोक्कोहून येणाऱ्या मालात राळेत ओतलेले नकली नमुने भरपूर असतात. भिंगातून हवेचे बारीक बुडबुडे दिसले, किंवा एकाच दुकानातले दोन नमुने तंतोतंत सारखे निघाले, की समजा साच्यातला आहे.

समुद्री जीवाश्म हातात घ्यायचाच असेल, तर आधी घरचं देवघर बघा. नेपाळात गंडकी नदीत मिळणाऱ्या अनेक शाळिग्रामांत चक्राकार खूण असते. ती अमोनाइट या समुद्री प्राण्याच्या कवचाची, हिमालय उभा राहण्याआधीच्या समुद्रातली. बाजारात कोरलेले शाळिग्रामही विकतात, तेव्हा खूण नीट बघा. खऱ्या चक्राच्या कडा दगडाच्या आत जाताना दिसतात, कोरलेल्याच्या वरच्यावर संपतात. बघायला घ्यायच्या आधी आजीला मात्र विचारा.