ओढ हवी, आवरही हवा

गाडी बैल ओढतात. पण गाडी वाटेवर राहावी म्हणून हाती कासरा लागतो. धंद्याचंही तसंच आहे. काही करून दाखवायची ओढ, हा धंद्याचा बैल. मनाला आवर घालणं, हा त्याचा कासरा. दोन्ही असले, तरच धंद्यातले निर्णय नीट होतात. कसे, ते पाहू.

मुंबईत गिरगावात सात गुजराती बाया राहत होत्या. शिक्षण थोडं, पण पापड लाटण्यात हात बसलेला. आपल्या कष्टाचे चार पैसे मिळवावेत, ही त्यांची ओढ. भांडवल मात्र नव्हतं. छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी 80 रुपये उसने घेतले. 15 मार्च 1959 या दिवशी गच्चीवर काम सुरू झालं. पहिल्या दिवशी 4 पुडे झाले. ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकले.

पुढे कसोटीचे प्रसंग आले.

पहिला प्रसंग पैशाचा. मदत मागावी का? त्यांनी ठरवलं, तोटा आला तरी देणगी मागायची नाही. फुकटचा पैसा आला की हात सैल होतो. कष्टाचा पैसा माणूस जपून वापरतो.

दुसरा प्रसंग मालाचा. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत. एक चांगला, दुसरा हलका आणि स्वस्त. छगनलाल म्हणाले, एकच करा, पण उत्तम करा. आणि हिशेब चोख ठेवा. बायांनी ते ऐकलं. स्वस्त मालाचा मोह त्यांनी आवरला. आजचा नफा सोडला, पण उद्याचं गिऱ्हाईक राखलं.

तिसरा प्रसंग पावसाचा. पापड वाळेनात. चार महिने काम बंद पडलं. पण बायांनी धीर सोडला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. भर पावसात पापड वाळू लागले.

पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये झाली होती. तोच धंदा पुढे लिज्जत पापड या नावाने देशभर पोचला. आज हजारो बाया त्यावर कमावतात.

नुसती ओढ असती, तर हलका माल विकून नाव गेलं असतं. नुसता आवर असता, तर 80 रुपये उसने घ्यायचं धाडसच झालं नसतं.

आपलंही तसंच. दुकान असो, कोंबड्या असोत की दूध असो. सण आला की गल्ल्यात हात जातो. शेजाऱ्याने नवं यंत्र घेतलं की आपल्यालाही घ्यावंसं वाटतं. अशा वेळी एक रात्र थांबा. मनाला तीन गोष्टी विचारा. हे मला खरंच हवं आहे का? पैसा कुठून येणार? उद्या गिऱ्हाईक पुन्हा माझ्याकडे येईल का?

उत्तरं वहीत लिहा. तुम्हाला आता लिहिता येतं. मग सकाळी काय ते ठरवा.