गुलाबी पक्षी, विषारी धागे

थंडी सुरू झाली की भांडुप पंपिंग स्टेशनमागच्या ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरतात आणि मे महिन्यापर्यंत मुक्काम ठोकतात. त्यातले बहुतेक 'लहान रोहित' या जातीचे. चोच उलटी करून चिखलपाण्यात बुडवायची, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलायचं आणि चोचीतल्या बारीक झालरीत अडकेल ते गिळायचं, ही त्यांची जेवायची तऱ्हा. अडकतात ते मुख्यतः नीलहरित जीवाणू. पेशीला पेशी जोडून त्यांतले कित्येक धागे विणतात, तेही केसाहून बारीक.

रोहिताचं पिल्लू जन्मतं करडं. गुलाबी रंग येतो तो या खाण्यातल्या कॅरोटीनॉइड रंगद्रव्यांतून. आणि या जीवाणूंना खत कोण घालतं? खाडीत सोडलेलं आपलं सांडपाणी! 2022 साली पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळालेल्या या खाडीच्या वैभवात मुलुंड-घाटकोपरच्या गटारांचाही वाटा आहे, हे कबूल करताना जरा ओशाळायला होतं.

गंमत अशी, की याच कुळातले काही जण जहाल विष बनवतात. केनियातल्या बोगोरिया सरोवराकाठी मेलेल्या लहान रोहितांच्या पोटात, तिथल्या गरम झऱ्यांवर साय धरणाऱ्या अशा जीवाणूंच्या पेशी सापडल्या. सोबत मज्जातंतू आणि यकृत यांवर घाला घालणारी विषंही. समुद्रातला 'लिंगब्या' तर माणसालाही सोडत नाही. 1958 साली हवाईच्या ओआहू बेटावर पोहणाऱ्यांच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठले, ते त्याच्यामुळेच. पळता न येणाऱ्या धाग्याला चरणाऱ्यांपासून वाचायला रसायनाखेरीज दुसरं काय आहे?

तरी चरणारेही वस्ताद. 'सागरी ससा' नावाची मऊ गोगलगाय हे धागे खाते आणि त्यांतलं विष अंगात साठवते. हिंदी महासागरातल्या अशाच एका सागरी सशातून रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांनी 'डोलास्टॅटिन 10' वेगळं काढलं. त्याची रचना 1987 साली जाहीर झाली. पेशींची विभागणी रोखणारं हे द्रव्य सशाचंच, असा समज होता. 2001 साली तेच पलाऊच्या समुद्रातल्या धागेदार नीलहरित जीवाणूत मिळालं. खरा कारागीर तो होता, ससा नुसता साठेबाज!

डोलास्टॅटिन 10 चं कृत्रिम भावंड आज हॉजकिन लिंफोमा या कर्करोगावरच्या औषधात आहे. अमेरिकेत त्या औषधाला 2011 साली मान्यता मिळाली. मोकळं रक्तात सोडलं तर हे भावंड निरोगी पेशींनाही मारेल, म्हणून प्रतिपिंडाला बांधून थेट रोगट पेशीपर्यंत पोचवतात आणि तिच्या आत गेल्यावरच सुटं होऊ देतात.