देवनागरी अक्षरांची संगणकीय नोंद : संकेतांक आणि बाइट

प्रस्तावना

मुद्रित ग्रंथात अक्षर ही एक आकृती असते. संगणकाच्या स्मृतीत मात्र मजकूर संख्यांच्या रूपाने साठविला जातो. आठ बिटांच्या गटास बाइट म्हणतात आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. कोणत्या अक्षरास कोणती संख्या द्यावयाची, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस संकेतप्रणाली म्हणतात. ही व्यवस्था सर्वमान्य नसेल, तर साठविलेला मजकूरही वाचता येत नाही. मराठीच्या संदर्भात या प्रश्नाचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

आस्की, इस्की आणि फॉन्ट

१९६३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ मानकात सात बिटांचे १२८ संकेतांक होते. त्यांत देवनागरीस स्थान नव्हते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे आठ बिटांचे मानक प्रसिद्ध केले. त्यात आस्कीचे संकेतांक कायम ठेवून वरच्या १२८ जागांत भारतीय लिप्यांची सोय करण्यात आली.

व्यवहारात मात्र अनेक मराठी फॉन्टांनी निराळा मार्ग पत्करला. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांकांवरच त्यांत काना, वेलांटी व अर्ध्या अक्षरांच्या आकृती बसविण्यात आल्या. फॉन्टागणिक मांडणी वेगळी असल्याने, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. बाइट शाबूत असत. त्यांचा अर्थ मात्र हरवलेला असे.

युनिकोड आणि यूटीएफ-८

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यात देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे संकेतांक राखून ठेवलेले आहेत. ‘क’चा संकेतांक २३२५ आहे. ही संख्या एका बाइटमध्ये मावत नाही. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत तिचे बिट तीन बाइटांत विभागले जातात व ‘क’ची नोंद २२४, १६४, १४९ अशी होते. आस्कीतील अक्षरांस पूर्वीप्रमाणेच एक बाइट पुरतो. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी असे पाच संकेतांक असल्याने त्यास १५ बाइट लागतात. जोडाक्षरास स्वतंत्र संकेतांक नाही. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष.

एक रूप, दोन नोंदी

युनिकोडमुळे सर्व अडचणी संपल्या असे नाही. ‘ॲ’ या स्वराला २००८ मध्ये स्वतंत्र संकेतांक मिळाला. तत्पूर्वी तो ‘अ’ व चंद्र अशा दोन संकेतांकांनी लिहिला जाई. दोन्ही रूपे डोळ्यांस सारखीच दिसतात. परंतु एक तीन बाइटांचे, तर दुसरे सहा बाइटांचे आहे. ‘आचारी’पासून होणाऱ्या ‘आचाऱ्याला’ या रूपातील अर्ध्या रकाराचीही हीच स्थिती आहे. तो ‘ऱ’ व हलन्त यांनी किंवा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिता येतो. शोधयंत्रणेने ही रूपे एक मानण्याची तजवीज केलेली नसेल, तर एका रूपाने शोध घेता दुसरे सापडत नाही.

समारोप

मजकूर पडद्यावर शुद्ध दिसणे म्हणजे तो शुद्ध साठविला जाणे नव्हे. जुन्या फॉन्टांतील प्रबंध व नियतकालिके पुढील अभ्यासकांस उपलब्ध व्हावयाची असतील, तर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे आणि दुहेरी नोंदींपैकी एक रूप निश्चित करणे, ही दोन्ही कामे आवश्यक ठरतात. त्यांतील दुसरे काम तांत्रिक असण्याइतकेच भाषाविषयकही आहे.