हौसेचे तळे आणि मातीचा बांध



पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत डोंगरातून उतरणाऱ्या व्हाळावर मातीचा बांध घालणे ही काही नवी गोष्ट नव्हे. भातकापणी आटोपली की गावकऱ्यांनी दगड, माती आणि पालापाचोळा यांचा आडवा बांध घालावा, त्या पाण्यावर वायंगणाचे शेत पिकवावे आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वी तो बांध आपल्याच हातांनी मोडून टाकावा, असा जुना परिपाठ आहे. त्यात मोठे शहाणपण होते. आषाढातल्या व्हाळाशी झुंजण्याचा प्रसंगच त्या बांधावर येत नसे.

आज ज्या बांधांविषयी बोलायचे आहे ते याहून निराळे. बागायतीत एखादे तळे असावे, त्यात कमळे फुलावीत, मासे खेळावेत, सुटीत आलेल्या पाहुण्यांनी होडी वल्हवावी, अशा हौसेने घातलेला बांध बाराही महिने उभा असतो. मयेचे तळे पाहून परतणाऱ्याला अशी इच्छा झाली तर त्यात गैर काही नाही. परंतु असा धनी पुष्कळदा परगावी राहतो आणि तळ्याच्या खालच्या अंगाला कोणाचे तरी कुळागर असते, कोणाचे शेत असते, क्वचित चार घरांचा वाडाही असतो. त्या लोकांनी तळ्यातली होडी कधी पाहिलेलीही नसते.

सरकारचे या बांधावर लक्ष असेल, असे मानून स्वस्थ बसण्याचीही सोय नाही. 2021 साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला, तो 15 मीटरांहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीची धरणे त्यात येतात, पण लांबी, साठा, पुराचा विसर्ग, पाया किंवा रचना यांपैकी कशाने तरी ती विशेष ठरत असतील तरच. व्हाळावरचा चार-पाच मीटरांचा खाजगी बांध या चाळणीतून सहज खाली पडतो. नुकसानीची जबाबदारी मात्र चुकत नाही. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात एका गिरणीमालकाने तळे बांधले. त्याचे पाणी जुन्या, बुजलेल्या खाणींच्या वाटांनी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. 1868 साली त्या खटल्याचा अंतिम निकाल लागला आणि मालकाची प्रत्यक्ष चूक सिद्ध न होताही त्याला भरपाईस जबाबदार धरण्यात आले. खाणींच्या डिचोलीत हा निकाल मुद्दाम आठवावा. पुढे 1874 साली मद्रासकडील एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेची हानी झाली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने त्याला सूट दिली. पण ते तलाव पुरातन होते, रयतेच्या शेतीसाठी होते आणि ते राखणे हे त्याचे कर्तव्यच होते. होडी वल्हवण्याच्या तळ्याला ती सवलत मिळेल, या भरवशावर कोणी राहू नये.

हौसेच्या तळ्याने केलेला सर्वांत मोठा अनर्थ अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात घडला. तेथील एक जुने मातीचे धरण 1879 साली धनिकांच्या एका मंडळाने मासेमारी व जलविहार यांसाठी घेतले. अँड्र्यू कार्नेगीसारखे लक्षाधीश त्याचे सभासद होते. धरणाच्या तळाशी पाणी सोडण्यासाठी असलेले लोखंडी नळ आधीच्या मालकाने काढून भंगारात विकले होते. ते पुन्हा बसवण्यात आले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या नीट जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फूट खाली घेण्यात आला. सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसवल्या गेल्या. यांतली एकही गोष्ट दुष्टबुद्धीने केलेली नव्हती. सगळी सोयीसाठी केलेली. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टी झाली, जाळ्यांत काटक्याकुटक्या अडकल्या, पाणी माथ्यावरून गेले आणि धरण फुटले. खालचे जॉन्सटाउन शहर बुडाले. 2,209 माणसे मेली.

मातीचा बांध पाण्याचा दाब सोसतो, पण माथ्यावरून वाहणारे पाणी त्याला सोसवत नाही. सांडवा हा म्हणून त्याचा प्राण. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत कोसळतो. सांडव्याच्या तोंडाशी जाळी लावणे, फळ्या घालून पाणी आणखी हातभर चढवणे, त्यावरून मोटारीसाठी अरुंद मोरी बांधणे, हे सर्व जॉन्सटाउनचेच लहान अवतार होत. मे महिन्यात सांडवा साफ करावा आणि पावसात एखादे झाड आडवे पडले तर ते त्याच दिवशी हलवावे.

दुसरा धोका आतला. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या कवचाखाली बहुधा मऊ, चिकणसर, पांढरट-तांबूस माती असते. कोरडी असताना ती कुदळीला दाद देत नाही, पण पाण्याला वाट सापडली की तिचा चिखल होतो. कोकण रेल्वेला पेडण्याचा बोगदा खणताना या मातीने किती छळले, हे सर्वश्रुत आहे. ऑगस्ट 2020 मध्ये त्याच बोगद्याची भिंत ढासळली आणि जुलै 2024 मध्ये आत पाणी उसळून गाड्या बंद पडल्या. अशा मातीवर आणि अशाच मातीने घातलेल्या बांधातून पाणी झिरपणारच. प्रश्न झिरपण्याचा नाही, झिरपलेले पाणी स्वच्छ आहे की गढूळ, याचा आहे. स्वच्छ पाणी पायथ्याच्या चरातून वाहू द्यावे. गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती कणाकणाने बाहेर पडते आहे आणि आत बोगदा होतो आहे. पुष्कळजण अशा जागी बाहेरून सिमेंटचा गिलावा करतात. त्याने पाणी थांबत नाही, केवळ दुसरी वाट शोधते. त्याऐवजी त्या जागेवर आधी वाळू, तीवर बारीक खडी, तीवर मोठे दगड, असे थर द्यावेत. पाणी निघून जाते आणि माती अडते. हा तात्पुरता उपाय झाला. तो करून लगेच जाणत्या अभियंत्याला बोलवावे. तळे रिकामे करायचे तर पाणी हळूहळू उतरवावे. एकदम उतरवले तर भिजलेला आतला उतार घसरतो.

नळाच्या बाजूने पाणी येते काय, हेही पाहावे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुणे बुडाले, तेथेही पाणी सोडण्याच्या विमोचकावरचाच भराव खचला होता. बांधावर माड किंवा काजू लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. झाड मेले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. बांधावर हरळी असावी, आणि तीही कापलेली, म्हणजे भेग आणि बीळ दिसते.

बिळावरून खेकडे आठवले. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवऱ्याचे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरण सन 2000 च्या सुमारास पुरे झालेले, म्हणजे जुनेही नव्हे. तेव्हा राज्याच्या एका मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला आणि महाराष्ट्र हसला. खेकडे मातीत बिळे करतात, हे खाजनांचे बांध राखणाऱ्या गोमंतकीयाला कोणी शिकवायला नको. त्यासाठीच तर तो भरतीच्या वेळी बांधावर फेरी घालीत आला. तिवऱ्याचे ग्रामस्थ धरण गळते आहे असे आधीपासून सांगत होते, हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

धनी परगावी असेल तर बांधालगत राहणाऱ्या एखाद्या माणसाला हे काम मोबदला देऊन सोपवावे. पावसात रोज, आणि मोठ्या सरीनंतर रात्रीही, त्याने बांधाच्या माथ्यावरून आणि खालच्या पायथ्यावरून चालावे. खालच्या वाड्यातील घरांचे दूरध्वनी क्रमांक त्याच्यापाशी असावेत आणि गढूळ पाणी वाढताना दिसले तर धन्याला विचारण्याआधी त्याने त्या घरांना उठवावे. झिरपेखाली कळशी ठेवून ती किती वेळात भरते ते वहीत लिहावे, आणि तेच पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून सकाळी तळाशी किती गाळ बसला ते पाहावे. चतुर्थीला धनी घरी येईल, तेव्हा त्याने आरतीनंतर ती वही मागून घ्यावी आणि जूनचे आकडे भाद्रपदाच्या आकड्यांशी ताडून पाहावेत.