कबड्डीची बचाव फळी किती भक्कम?

गेल्या हिवाळ्यात आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन मुलांचा कबड्डीचा सामना पाहत होतो. पहिल्या डावात यजमान संघाची बचाव फळी अभेद्य वाटत होती. दुसऱ्या डावात त्यांच्या डाव्या कोपरारक्षकाचा गुडघा दुखावला आणि त्याच्या जागी एक राखीव मुलगा उतरला. पुढच्या चारपाच चढायांत त्याच बाजूने गुण गेले, लोण बसला आणि सामनाही गेला. "राखीव पोरगा कच्चा निघाला," असे आजूबाजूचे लोक म्हणाले. संघनायक मात्र आपल्या क्रीडाशिक्षकांना सांगत होता, "सर, तो कच्चा नाही. पण त्याचा हात कुठं असतो तेच मला कळंना." चौकशी केली तेव्हा समजले, की त्या मुलाच्या गावाची शेवटची एस.टी. साडेपाचला सुटते. त्यामुळे तो सरावाच्या पहिल्या अर्ध्या तासालाच असे, आणि साखळीचा सराव शेवटी होई.

संघनायकाच्या त्या एका वाक्यात बरेच विज्ञान आणि थोडे गणित आहे. बचाव फळीची ताकद कशात असते आणि ती कशी वाढवता येईल, हे त्यातून समजते. वर्गात शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल असे वाटल्याने ते येथे मांडत आहोत.

आठ मीटरची भिंत

प्रथम मैदान पाहू. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. दोन्ही कडांना एकेक मीटरची लॉबी असते. चढाई करणाऱ्याचा कोणाला स्पर्श झाला किंवा झटापट सुरू झाली की मगच लॉबी खेळात येते. म्हणजे सुरुवातीला बचाव फळीला ८ मीटर रुंदी सांभाळायची असते. सात खेळाडू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १.१ मीटर येते.

माणसाने दोन्ही हात आडवे पसरले तर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर जवळजवळ त्याच्या उंचीइतके असते. विद्यार्थ्यांना हे फूटपट्टीने मोजून पाहायला सांगावे. खेळाडूची उंची १.६५ मीटर धरली, तर पाच खेळाडूंचे पसरलेले हात मिळून ८.२५ मीटर होतात. ८ मीटरची रुंदी जेमतेम झाकली जाते. चार खेळाडूंचे ६.६ मीटरच होतात आणि फळीत फट पडते. तिघे उरले तर प्रत्येकाला २.७ मीटर सांभाळायचे असतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. सातातून एक गेला तर फळी एक सप्तमांशाने कमकुवत होते, असा सरळ हिशोब येथे चालत नाही. सातवरून पाचवर येईपर्यंत फारसे बिघडत नाही. पाचावरून चारावर येताना मात्र एकदम बिघडते.

पूर्वी आपल्याकडे हा खेळ तीन पद्धतींनी खेळला जाई. 'अमर' पद्धतीत बाद झालेला खेळाडू मैदानातच राही आणि फक्त गुण मोजला जाई. 'गामिनी'त बाद झालेला परत येत नसे, त्यामुळे फळी विरळच होत जाई. 'संजीवनी'त आपल्या संघाने गुण मिळवला की बाद झालेला खेळाडू परत येई. आजचे नियम संजीवनीवर बेतलेले आहेत. त्यामुळे सामन्यात फळीचा आकार सारखा बदलतो. आता सात, मग पाच, मग तीन, पुन्हा चार. जी फळी फक्त सातजणांची म्हणून सराव करते, ती सामन्याच्या थोड्याच वेळात आपल्या सरावाच्या रूपात असते.

वजन आणि पकड

संघ निवडताना दांडग्या मुलांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. वजनाचा उपयोग कोठे होतो? चढाई करणारा मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा त्याला पुढे ढकलणारे बल म्हणजे जमिनीचे त्याच्या पायांवरचे घर्षण. पाय आणि मॅट यांच्यातील घर्षणगुणांक उदाहरणासाठी ०.८ धरू. ७० किलोग्रॅमचा खेळाडू जास्तीत जास्त ७० × ०.८, म्हणजे ५६ किलोग्रॅम वजनाइतके बल लावू शकेल. त्याला मागे ओढणाऱ्या ६० किलोग्रॅमच्या बचावपटूची मर्यादा ४८ किलोग्रॅम वजनाइतकी आहे. एकास एक ओढाताण झाली तर चढाई करणारा सुटेल. दोन बचावपटू एकाच वेळी लागले तर त्यांचे ९६ होतात आणि तो अडकेल. येथे 'एकाच वेळी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दोघे पाव सेकंदाच्या अंतराने पोहोचले तर ती बेरीज होतच नाही.

घर्षणगुणांक शाळेत मोजता येतो. बुटात वीट ठेवावी आणि ताणकाट्याने तो बूट मॅटवर, कोरड्या मातीवर व ओल्या मातीवर ओढावा. बूट सरकू लागताना काट्यावर जो आकडा दिसेल त्याला बूट व वीट यांच्या एकूण वजनाने भागावे. पाणी मारून दाबलेल्या मैदानावर आणि मॅटवर एकच मुलगा वेगळा का खेळतो, हे मुलांना लगेच कळते.

पण ओढणे हा पकडीचा एकच प्रकार झाला. घोटा पकडणारा वेगळे काही करतो. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या दोन पावलांमधील जागेच्या वर असतो तोवर तो तोल सांभाळतो. एक पाऊल जमिनीवरून उचलले गेले की ती जागा एका पावलापुरतीच उरते. झेपावताना गुरुत्वमध्य त्या जागेच्या बाहेर जातो आणि ७० किलोग्रॅमचा गडी ५५ किलोग्रॅमच्या मुलाकडून पडतो. म्हणून हलकी, चपळ मुले कोपऱ्यात उत्तम खेळू शकतात. वजनाच्या काट्यावर त्यांची निवड करणे चुकीचे ठरते. पडलेला गडी मध्यरेषेपर्यंत हात पोहोचवू नये म्हणून शेजाऱ्याने लगेच त्याला दाबावे लागते. म्हणजे घोटापकडही एकट्याची नसतेच.

एका सेकंदाचा व्यवहार

निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते. तेथून परत फिरलेला चपळ गडी साधारण एका सेकंदात मध्यरेषा गाठतो. त्या सेकंदातील किती वेळ बचावपटूच्या हाती असतो?

फूटपट्टीचा जुना प्रयोग करावा. एकाने पट्टी उभी धरावी. दुसऱ्याने तिच्या शून्याजवळ अंगठा व बोट उघडे ठेवावे आणि पट्टी सुटताच पकडावी. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर प्रतिसादाला सुमारे ०.२ सेकंद लागले. १५ सेंटिमीटरला ०.१७ आणि २५ सेंटिमीटरला ०.२३ सेकंद होतात. वर्गातील बहुतेक मुलांचे आकडे एकमेकांच्या जवळच येतील.

आता साखळीचा विचार करू. पहिला बचावपटू झेपावतो तेव्हा त्याचे ०.२ सेकंद खर्च झालेले असतात. दुसरा त्याचे झेपावणे पाहून हलला तर आणखी ०.२ गेले, आणि तिसऱ्याचे आणखी ०.२. सेकंदापैकी निम्म्याहून अधिक वेळ नुसता कळण्यातच जातो. हात धरून उभे राहण्याचा एक फायदा येथे आहे. शेजाऱ्याच्या हाताचा ताण त्वचेला व स्नायूंना थेट कळतो, आणि स्पर्शाला आपला प्रतिसाद सामान्यतः दृष्टीपेक्षा थोडा लवकर असतो. शिवाय डोळे चढाई करणाऱ्यावर ठेवता येतात. साखळी ही जशी अडवण्याची दोरी, तशीच निरोपाची तारही आहे.

हेही करून पाहता येते. तीस मुलांना हात धरून गोल उभे करावे आणि डोळे मिटायला सांगावे. एकाने शेजाऱ्याचा हात दाबावा, त्याने पुढच्याचा. दाब फिरून परत येईपर्यंतचा वेळ मोजून तिसाने भागावा. पाचसहा वेळा केले की वेळ कमी होत जातो. प्रत्येकाचे मज्जातंतू तेच असतात. फक्त शेजाऱ्याचा दाब कसा येतो हे हाताला ओळखीचे होते. "त्याचा हात कुठं असतो तेच कळंना" याचा अर्थ हाच होता.

केव्हा झेपावावे?

पकड फसली तर चढाई करणाऱ्याला स्पर्श झालेले सर्व बचावपटू बाद होतात. पकड यशस्वी झाली तर एक गुण मिळतो. म्हणून जितके जास्त जण झेपावतील तितका धोकाही वाढतो. एकट्याने झेपावायचे तर यशाची शक्यता निम्म्याहून अधिक हवी, नाहीतर तोटा. दोघांना यशाची शक्यता दोन तृतीयांशाहून अधिक हवी आणि तिघांना तीन चतुर्थांशाहून अधिक. विद्यार्थ्यांना हे सूत्र मांडता येईल: यशाची शक्यता श असेल व न जण झेपावले, तर श हे न × (१ − श) पेक्षा मोठे हवे.

फळीत तीन किंवा कमी खेळाडू असताना केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात. तिला अव्वल पकड म्हणतात. आता डाव्या बाजूला श ऐवजी २श येते. एकट्याला एक तृतीयांश, दोघांना निम्मी आणि तिघांना ६० टक्के शक्यता पुरते. दोघांच्या जोडीची शक्यता समजा ६० टक्के आहे. सात खेळाडू असताना या जोडीने थांबावे आणि तीन असताना झेपावावे, हे शहाणपणाचे ठरते. हा हिशोब अर्थात ढोबळ आहे. बाद झालेले परत येणे, बोनस गुण, उरलेला वेळ हे त्यात धरलेले नाही. पण प्रत्येक सामन्यात किती जण झेपावले आणि पकड झाली की फसली, एवढे एका मुलाने वहीत टिपले, तर महिन्याभरात आपल्या संघाचे खरे आकडे हाती येतात.

एकवीस आणि सहासष्ट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सातजण ओळीत उभे राहिले तर शेजाऱ्यांच्या जोड्या सहाच होतात. बहुतेक संघांचा सराव या सहा जोड्यांचाच होतो. पण मधले दोघे बाद झाले की कालपर्यंत दूर असलेले दोघे शेजारी येतात. सातजणांच्या शक्य जोड्या ७ × ६ ÷ २ म्हणजे २१ आहेत. राखीव पाच धरून संघ बाराजणांचा, म्हणजे १२ × ११ ÷ २ = ६६ जोड्या. सामन्यात यातली कोणती जोडी शेजारी येईल हे आधी सांगता येत नाही. फळीची खोली मोजायची असेल, तर या ६६ पैकी किती जोड्या एकमेकांचा हात ओळखतात हे मोजावे. आम्ही पाहिलेल्या संघात कोपऱ्यात उतरलेल्या त्या मुलाची अशी एकही जोडी तयार नव्हती.

६६ हा आकडा मोठा वाटला तरी गणित सोपे आहे. बाराजणांच्या एका वेळी सहा जोड्या होतात. रोज जोड्या बदलल्या, तर ११ दिवसांत प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा जोडी होते. एकाला जागेवर ठेवून बाकीच्या अकरांना रोज एक घर पुढे सरकवले, की हे वेळापत्रक आपोआप तयार होते. सरावाच्या सुरुवातीची दहा मिनिटे यासाठी पुरतात.

सुरुवातीची म्हणण्याला कारण आहे. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि मोठ्या मुलांवर घर, गुरे, धाकटी भावंडे यांची जबाबदारी येते. कोणाला शेवटची एस.टी. गाठायची असते, कोणाला दूध घालायचे असते. सर्व बाराजण शेवटपर्यंत थांबतील असे वेळापत्रक कागदावरच राहते. सर्वजण हजर असतात ती पहिली दहा मिनिटे. सुदृढ शरीराचा व्यायाम ज्याला त्याला घरीही करता येतो. दुसऱ्याच्या हाताची ओळख मात्र दोघे हजर असतानाच होते.

याच जिल्ह्यातला अस्लम इनामदार २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता. २०२४ च्या मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळवले. अशा खेळाडूंची नावे मुलांना पाठ असतात. आपल्याच संघातल्या बाराव्या मुलाच्या पकडीची बाजू उजवी की डावी, हे मात्र अनेकदा कोणालाच ठाऊक नसते.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. एका मोठ्या कागदावर बारा ओळी व बारा रकाने आखावेत. ज्या जोडीचा सराव झाला तिच्या चौकटीत खूण करावी. पंधरा दिवसांनी कागद भिंतीवर लावून मुलांनाच विचारावे, की कोणाची ओळ रिकामी आहे आणि का. त्या सामन्यानंतर तो राखीव मुलगा सरावाला यायचा बंद झाला, असे आम्हाला पुढे कळले. त्याची ओळ सामन्याआधी कोणी पाहिली असती, तर साखळीचा सराव अर्धा तास अलीकडे घेणे अवघड नव्हते.