उसन्या लहरींवर बोलणारी यंत्रे

९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात 'एरेनफेल्स' ही जर्मन बोट पेटून बुडाली. तटस्थ पोर्तुगालच्या पाण्यात आसऱ्याला आलेल्या या बोटीवर छुपा बिनतारी प्रक्षेपक आहे आणि दोस्त राष्ट्रांच्या जहाजांचा ठावठिकाणा त्यावरून जर्मन पाणबुड्यांना कळवला जातो, अशी ब्रिटिशांची खात्री होती. कलकत्त्याहून आलेली स्वयंसैनिकांची तुकडी तिच्यावर चढली ती त्याच कारणाने. बिनतारीने बोलायचे तर आपली लहर आपणच निर्माण करायची आणि तिच्यासाठी विजेची तजवीज करायची, हे त्या काळी गृहीतच होते. १९५५ पासून सीमेपलीकडच्या रानांतून मुक्तीचा आवाज गोव्यात पोचवणाऱ्या वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनाही प्रक्षेपकाचे हे लटांबर सांभाळूनच काम करावे लागले.

ते गृहीत आता सुटले आहे. उन्हात आरसा हलवून समोरच्या भिंतीवर कवडसा नाचवणाऱ्या मुलाजवळ दिवा नसतो. सूर्य त्याला आयता मिळालेला असतो. रेडिओलहरींचेही तसेच. आपल्या अँटेनावर येऊन आदळणारी परकी लहर परतवायची की गिळायची, एवढेच एखाद्या इवल्याशा यंत्राने ठरवले, तरी त्या क्रमातून संदेश उमटतो. परावर्तित शक्तीने दळणवळण साधण्याची ही कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ सालीच मांडली होती. फेब्रुवारी २०२१ पासून पथकर नाक्यांवर सक्तीचा झालेला फास्टॅग हा तिचाच घरगुती अवतार. त्यात बॅटरी नसते; नाक्यावरच्या वाचकयंत्राची लहर हीच त्याची वीज आणि तोच त्याचा कागद.

२०१३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले श्यामनाथ गोल्लाकोटा हे त्यांपैकी एक. त्यांनी वाचकयंत्राची लहरही नको म्हटले आणि शहरावर अहोरात्र बरसणाऱ्या दूरचित्रवाणीच्या लहरींवरच दोन बॅटरीविरहित यंत्रांचे संभाषण घडवून आणले. अंतर जेमतेम अडीच फूट, वेग सेकंदाला हजार बिट. एवढ्यावर कोणी हुरळून जावे असे नाही; परंतु स्वतःची लहर सोडणाऱ्या यंत्राला जेथे मिलिवॅटच्या हिशेबाने वीज लागते, तेथे यांचे काम मायक्रोवॅटमध्ये भागते. २०१७ साली, मुद्दाम सोडलेल्या लहरीच्या आधाराने, हेच तंत्र अनुकूल परिस्थितीत २.८ किलोमीटरपर्यंत पोचले. (ज्या दूरचित्रवाणीच्या मनोऱ्यांवर पहिला प्रयोग तरला, तसे दूरदर्शनचे बहुतेक मनोरे आपल्याकडे २०२२ पर्यंत मूक झाले. आमच्या आकाशात उरल्या त्या आकाशवाणीच्या आणि मोबाइलच्या लहरी.)

मुरगावला याचे काय, असे कोणी विचारील. आम्हांला यात खनिजाचा ढिगारा दिसतो. डिचोली-सांखळीकडचे खनिज ट्रकांनी जेटीवर येते, तेथून बार्जमध्ये आणि बार्जमधून मुरगावच्या जहाजात. बारीक खनिजात, खाणवाले ज्याला 'फाइन्स' म्हणतात त्यात, पाण्याचा अंश मर्यादेबाहेर गेला, की जहाजाच्या हेलकाव्यांनी त्याचा चिखल होतो, तो एका बाजूला सरकतो आणि जहाज कलंडते. जुलै २००९ मध्ये मंगळूरजवळ 'एशियन फॉरेस्ट' आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पारादीपजवळ 'ब्लॅक रोझ' ही खनिज भरलेली जहाजे बुडाली. १ जानेवारी २०११ पासून सक्तीच्या झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे ओलाव्याचा दाखला जहाजाला द्यायचा तो माल पाठवणाऱ्यानेच. नमुने प्रयोगशाळेत जातात आणि इकडे सर आली, की उघडा ढिगारा भिजतो. हातातला दाखला मात्र कोरडाच राहतो.

ढिगाऱ्यात जागोजागी खोवलेले ओलावामापक दर तासाला आपला आकडा परावर्तित लहरीने सांगू लागले, तर ही उणीव पुष्कळशी भरून निघेल. खाऱ्या हवेत गंजणाऱ्या शेकडो बॅटऱ्या बदलत बसण्याचा प्रश्न नाही. यंत्रे स्वस्त, चार हरवली तरी चालेल. अडचणी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. ओले खनिज लहरी शोषून घेते, म्हणून अँटेना काठीवर, ढिगाऱ्याच्या वर ठेवावी लागेल. लोखंडी बार्जच्या भिंतींवरून लहरी नाही नाही तशा उसळतील. आणि वास्कोकर ज्याने गांजले आहेत ती कोळशाची धूळ मोजायला एवढ्याशा विजेत भागणार नाही. तसे वचन कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

खरा प्रश्न वाचकयंत्र कोणाच्या हाती, हा आहे. हे मापक स्वतःहून ओरडत नाहीत. त्यांच्यावर कोणीतरी लहर टाकून परतलेला आकडा वाचावा लागतो. ते यंत्र केवळ माल विकणाऱ्याच्या कचेरीत राहिले, तर २००९ पूर्वीचीच स्थिती नव्या वेषात परत येईल. म्हणून ढिगाऱ्याचा आकडा बंदराच्या अधिकाऱ्याला, बार्जच्या तांडेलाला आणि जहाजाच्या कप्तानाला एकाच वेळी दिसला पाहिजे, अशी अट परवान्यातच घालावी. झुआरीनगरचे बिट्स मुरगाव तालुक्यातच आहे, फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालयही दूर नाही. एक जेटी, एक ढिगारा आणि पावसाळ्याचे चार महिने, एवढ्यावर त्यांना हा प्रयोग करून पाहता येईल.